घडीतली लाली: नऊ महिन्यांच्या मुलीच्या डायपर रॅशचं प्रकरण

हे प्रकरण एका घराचं म्हणून मांडलं असलं, तरी त्यातला प्रत्येक टप्पा अनेक घरांत पुन्हा पुन्हा दिसतो. दिवसागणिक तपशील नीट सांगता यावा म्हणून ते सगळे टप्पे एका छताखाली आणले आहेत.

मुलगी नऊ महिन्यांची, वजन 8.2 किलो, जन्मापासून तब्येत चांगली. घर नागपुरातल्या मानेवाडा रोडच्या आतल्या एका ले-आउटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. आई, बाबा आणि आजी. जूनचा शेवटचा आठवडा: पावसाच्या दोन-तीन सरी येऊन गेलेल्या, गरमी मात्र हटलेली नाही आणि कूलर सुरूच. नागपुरात मे महिन्यात कूलर उत्तम चालतो, कारण हवा कोरडी असते. जूनअखेर हवेतच ओल असते, तेव्हा कूलरचा वारा गारवा कमी आणि ओलावा जास्त देतो. बाळाच्या अंगाखालचं दुपटं सतत दमट राहतं, दोरीवरचे लंगोट दिवसभरात वाळत नाहीत. या गोष्टीचा पुढे संबंध येणार आहे.

दिवसा लंगोट, रात्री आणि बाहेर जाताना डायपर, अशी या घरची पद्धत. खाणं आईचं दूध, खिमट, वरण-भात. कान दुखत होता म्हणून डॉक्टरांनी सात दिवसांचं अँटिबायोटिक दिलेलं. तिसऱ्या दिवसापासून पातळ शी सुरू झाली, दिवसाला सहा-सात वेळा. अँटिबायोटिकने आतड्यातले नेहमीचे जिवाणू मरतात, म्हणून असं होणं नवलाचं नाही. चौथ्या दिवशी ढुंगणावर लाली दिसली. तो या प्रकरणाचा पहिला दिवस.

पहिले दोन दिवस

लाली होती दोन्ही कुल्ल्यांच्या फुगीर भागावर, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि ओटीपोटाच्या खाली, म्हणजे जिथे कपडा कातडीला घासतो तिथे. जांघेच्या घड्या स्वच्छ होत्या. बोटांनी घडी उघडून पाहिली असती, तर आतली कातडी नेहमीसारखी दिसली असती. हे एकच निरीक्षण त्या दिवशी पुरेसं होतं. फुगीर भाग लाल आणि घड्या सुटलेल्या, म्हणजे ओलाव्याने आणि शीने जळलेली कातडी. इथे बुरशी नसते, औषधी मलमाची गरज नसते, आणि घरच्या काळजीने दोन-तीन दिवसांत फरक पडतो.

गव्हाळ किंवा सावळ्या बाळांमध्ये ही लाली पुस्तकातल्या चित्रासारखी गुलाबी दिसत नाही. ती तांबूस, जांभळट किंवा नुसतीच गडद दिसते. रंगावर भरवसा ठेवू नये. हाताला भाग गरम लागतो का, कातडी ताणल्यासारखी चमकते का, खरखरीत झाली आहे का, पुसताना बाळ पाय आखडून रडतं का, हे पाहावं.

जळजळ कशाने होते, ते समजून घेतलं की पुढचा उपचार आपोआप कळतो. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते, सामू (pH, म्हणजे आम्लपणाचं माप; आकडा वाढला की आम्लपणा कमी) साधारण 5.5. ओल्या कपड्यात ती फुगते, तिचा वरचा थर नरम पडतो आणि थोड्या घासण्यानेही सोलला जातो. शू एकटी असेल तर फारसं बिघडत नाही. शू आणि शी एकत्र आली की शीतल्या जिवाणूंमुळे शूमधल्या युरियाचा अमोनिया होतो, सामू वर चढतो, आणि त्या वाढलेल्या सामूत शीतली पाचक द्रव्यं जागी होतात. अन्नातली प्रथिनं आणि चरबी फोडणारी तीच द्रव्यं मग कातडीवर काम करू लागतात. पातळ शीत ती जास्त असतात, कारण आतड्यातून घाईने निघालेल्या शीत ती निकामी व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून जुलाब लागलेल्या बाळाची कातडी एका दुपारीत सोलते. शी पडल्यापासून धुण्यापर्यंत गेलेली मिनिटं इथे कोणत्याही मलमापेक्षा महत्त्वाची.

घरात काय केलं आणि त्याने काय झालं

आंघोळीच्या पाण्यात एक झाकण जंतुनाशक द्रव टाकला. लंगोटही त्याच पाण्यात खळबळले. जखमेसाठी बनवलेला हा द्रव सोललेल्या नाजूक कातडीला झोंबतो, आणि कपड्यात उरलेला अंश दिवसभर झोंबत राहतो.

आजीने शंखजिऱ्याची पावडर लावली. शंखजिरे म्हणजेच टाल्कम. डब्यावर फुलं असोत की बाळाचा फोटो, वस्तू तीच. कोरड्या कातडीवर ती गुळगुळीत वाटते, पण ओल्या घडीत तिचे खडे बनतात आणि ते घासतात. त्याहून वाईट म्हणजे तिचा धुरळा बाळाच्या श्वासात जातो. मक्याच्या पिठाचंही तसंच, तेही हवेत उडतं. पावडर कुठलीच नको.

दुसऱ्या दिवशी हळद आणि साजूक तूप लावलं. हळदीने नुकसान किती झालं ते सांगणं कठीण, पण एक तोटा नक्की झाला: पिवळ्या रंगाखाली लाली झाकली गेली आणि ती वाढते आहे की उतरते आहे, ते दोन दिवस कुणाला कळलंच नाही.

शी पुसायला सुगंधी ओले वाइप्स वापरले. सुगंध आणि अल्कोहोल असलेले वाइप्स सोललेल्या जागी आग करतात. बाळ रडलं की हात थांबतो, आणि घडीत शी तशीच राहते. आजीचा प्रश्न अगदी बरोबर होता, "काहून एवढी रडून राहिली ही?" उत्तर वाइप्सच्या पाकिटात होतं.

धुरीही दिली गेली, ओवा आणि वेखंडाची. धुराने कातडी वाळत नाही, बाळाच्या छातीत मात्र धूर जातो. शिवाय शेगडीजवळ उघडं बाळ धरण्यात भाजण्याची भीती आहेच. केस वाळवायच्या ड्रायरने कातडी सुकवणं हाही तोच धोका.

जुन्या पद्धतीतलं जे चांगलं होतं ते मात्र गडबडीत सुटलं. दिवसा बाळाला लंगोटाशिवाय दुपट्यावर मोकळं खेळवणं, कपडा कडक उन्हात वाळवणं, आंघोळीनंतर खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवणं, हे सगळं आजीला येत होतं. खोबरेल तेल किरकोळ खरखरीला बरं. सहा-सात पातळ शी होत असताना तेलाचा थर मात्र शीपुढे टिकत नाही.

तिसऱ्या दिवसाची ट्यूब

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा चौकातल्या औषधाच्या दुकानात गेले. "दादा, हे लावून पाहा, दोन दिवसांत आराम पडेल," असं म्हणत काउंटरवरून एक ट्यूब मिळाली. ट्यूबवर बारीक अक्षरांत तीन नावं होती: एक बुरशीविरोधी, एक अँटिबायोटिक आणि तिसरं क्लोबेटासोल.

क्लोबेटासोल हे कातडीवर लावायच्या स्टेरॉइडांमधल्या सर्वांत तीव्र गटातलं. मोठ्या माणसाच्या तळहाताच्या जाड कातडीसाठी जे औषध मोजून-मापून देतात, ते बाळाच्या जांघेत, जिथे कातडी फार पातळ असते, आणि वर डायपर बांधून. डायपर इथे पट्टीसारखा काम करतो: औषध बाहेर जाऊ देत नाही, आत ढकलतो. बाळाचं वजन कमी आणि त्या मानाने कातडीचं क्षेत्र जास्त, त्यामुळे औषध रक्तातही जास्त जातं. आठवडेच्या आठवडे असं चाललं तर कातडी पातळ होते, चिरांसारखे पट्टे पडतात, जांभळट गाठी येतात, आणि शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनवण्याची यंत्रणा मंदावते, शिवाय रक्तात गेलेल्या जादा स्टेरॉइडने बाळाचा चेहरा सुजल्यासारखा गोल होतो. 2018 साली केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड मलमं अनुसूची 'एच'मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी चिठ्ठी न मागता ती विकली जातात. म्हणून ट्यूब हातात घेतली की नावं वाचायची: क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन. यातलं काहीही दिसलं तर ती ट्यूब बाळाच्या लंगोटात जाता कामा नये.

या ट्यूबचा खरा घात असा की ती आधी गुण दाखवते. चौथ्या-पाचव्या दिवशी लाली उतरली. सूज दाबणं हे स्टेरॉइडचं कामच आहे. घरात सुटकेचा श्वास घेतला गेला, आणि शीनंतर ताबडतोब धुण्याची घाई ओसरली. खाली बुरशीला मोकळं रान मिळालं.

सहावा दिवस

कँडिडा ही बुरशी आतड्यात, म्हणून शीत, एरवीही असते. कातडी शाबूत असेल तर ती काही करत नाही. तीन दिवसांहून जुन्या पुरळात ती बहुतेक वेळा शिरते. इथे तिला सगळंच अनुकूल होतं: अँटिबायोटिकने तिचे प्रतिस्पर्धी जिवाणू मारलेले, कातडी सोललेली, कपडा दमट, आणि वरून स्टेरॉइडने कातडीचा प्रतिकार दाबलेला. त्या ट्यूबमध्ये बुरशीविरोधी औषध होतं हे खरं, पण जोडीला बसवलेल्या तीव्र स्टेरॉइडपुढे त्याचं चालत नाही.

सहाव्या दिवशी सकाळी लंगोट सोडला तेव्हा चित्र पालटलेलं होतं. लाली गडद, कच्च्या मांसासारखी, काठ स्पष्ट. जांघेच्या दोन्ही घड्या आतून लाल. मुख्य चट्ट्याच्या बाहेर, मांडीवर आणि पोटाखाली, टाचणीच्या डोक्याएवढे सुटे लाल दाणे आणि काही पांढुरक्या पुटकुळ्या. पहिल्या दिवशी सुटलेल्या घड्या आता भरल्या होत्या आणि चट्ट्याभोवती पिलावळ होती. ही दोन लक्षणं एकत्र दिसली की बुरशी धरून चालावं.

सातवा दिवस: तपासणी

बालरोगतज्ज्ञांनी तोंड पाहिलं. गालाच्या आत, जिभेवर न पुसले जाणारे पांढरे थर नव्हते. असते तर तोंडाचाही उपचार लागला असता, आणि दूध पाजणाऱ्या आईच्या स्तनाग्रांचाही, नाहीतर बुरशी एकमेकांकडे फिरत राहते. ताप नव्हता. मधाच्या रंगाच्या खपल्या किंवा पूने भरलेले फोड नव्हते, म्हणजे जिवाणूंचा संसर्ग वरून चढलेला नव्हता. गुदद्वाराभोवती काठ आखल्यासारखी गडद लाल कडी आणि शी करताना जिवाच्या आकांताने रडणं असं असेल तर तो स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूचा संसर्ग असू शकतो आणि त्याला पोटातून अँटिबायोटिक लागतं. तेही नव्हतं. ढुंगणासोबत तोंडाभोवती आणि हातापायांवर पुरळ, जुलाब आणि केस विरळ होणं असं एकत्र दिसलं असतं, तर जस्ताच्या कमतरतेकडे लक्ष गेलं असतं. इथे साधी कँडिडा होती.

ट्यूब बंद. चारच दिवस लावलेली असल्यामुळे ती एकदम थांबवता आली. आठवडेच्या आठवडे लावलेली असेल, तर ती कशी सोडायची ते डॉक्टरांनाच ठरवू द्यावं. तिच्या जागी दोन गोष्टी आल्या: क्लोट्रिमेझोल 1 टक्का हे बुरशीविरोधी मलम, नुसतं, सोबत काहीही नसलेलं, आणि झिंक ऑक्साइडची जाड पेस्ट. जुलाबासाठी ओआरएस, दर पातळ शीनंतर 50 ते 100 मिली, चमच्या-चमच्याने, आणि जस्ताचं औषध दिवसाला 20 मिलिग्रॅम, 14 दिवस. अंगातली ताकद जाऊ नये म्हणून आजी देत होती तो मोसंबीचा रस थांबवला. वर्षाच्या आतल्या बाळाला फळाचा रस द्यायचाच नसतो, आणि जुलाबात त्यातली साखर शी आणखी पातळ करते. आईचं दूध, वरण-भात, दही-भात, कुस्करलेलं केळं चालू.

दर बदलाच्या वेळचं काम

इथून पुढे सगळं घरीच झालं, आणि या उपचाराचं यश ट्यूबपेक्षा या कामावर ठरतं.

आईने बदलण्याची जागा एक केली: पलंगावर मेणकापड, त्यावर सुती दुपटं, बाजूला कोमट पाण्याचा लहान डबा, कापसाचे मोठे बोळे, मऊ जुन्या साडीचे फडके, खोबरेल तेलाची बाटली आणि दोन मलमं. सगळं हाताशी असलं की बाळाला सोडून उठावं लागत नाही आणि काम घाईत होत नाही.

आधी हात साबणाने धुवायचे. शी असेल तर डायपरच्याच कोरड्या भागाने वरची शी उचलून घ्यायची, पुसून पसरवायची नाही. मग बोळा कोमट पाण्यात बुडवून, पाणी ओघळेल असा, कातडीवर पिळायचा. घासायचं नाही, पाण्याने वाहून जाऊ द्यायचं. मुलीला नेहमी पुढून मागे पुसायचं, म्हणजे शी मूत्रमार्गाकडे जात नाही. फार सोललेलं असेल आणि हात लावू देत नसेल, तर टबमध्ये कोमट पाणी घेऊन पाच मिनिटं बसवायचं, पाणी आपलं काम करतं. साबण दिवसातून एकदा आंघोळीच्या वेळी, तोही सौम्य आणि बिनवासाचा. नेहमीच्या साबणाचा सामू 9 ते 10 असतो आणि तो प्रत्येक बदलाला लावला तर कातडीला सावरायला वेळच मिळत नाही.

मग कोरडं करणं. फडक्याने दाबून टिपायचं आणि घड्या उघड्या धरून वारा लागू द्यायचा. या घरात सर्वांत जास्त चुकत होतं ते इथे: कुल्ले कोरडे, घडी ओली. दिवसातून निदान तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटं बाळाला पूर्ण मोकळं ठेवायचं, पोटावर किंवा कुशीवर. खोलीत पंखा पुरे. त्या हवेत कूलरच्या झोतात ठेवण्याने उलट दमटपणा वाढत होता, म्हणून त्या आठवड्यात कूलर बंद आणि पंखा व खिडकी सुरू, असं ठरलं.

आता मलमं, आणि त्यांचा क्रम. क्लोट्रिमेझोल दिवसातून दोनदाच: सकाळच्या आंघोळीनंतर आणि रात्री झोपवण्याआधी. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर बसेल एवढी रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या भागाला ती पुरते. बाळाच्या सगळ्या भागाला एवढं पुष्कळ झालं. पातळ चोळायचं, घडीच्या तळापर्यंत, आणि सुट्या दाण्यांच्याही बोटभर पलीकडे. ते मुरायला काही मिनिटं द्यायची.

त्यावर झिंकची पेस्ट. हिचा हिशोब उलटा. क्लोट्रिमेझोल औषध आहे, पेस्ट ही भिंत आहे. भाकरीवर लोणी थापावं तशी थापायची, खालची कातडी दिसता कामा नये. लेबलवर झिंक ऑक्साइडचं प्रमाण पाहावं: 10 टक्क्यांपासून 40 टक्क्यांपर्यंत मिळतं, आणि सोललेल्या कातडीला जास्त प्रमाण असलेली, हाताला पिठूळ लागणारी पेस्ट बरी. "बेबी रॅश क्रीम" असं नाव असलेल्या काही ट्यूबांत झिंक नगण्य आणि सुगंध भरपूर असतो. झिंकची पेस्ट मिळालीच नाही तर साधी पेट्रोलियम जेली जाडसर लावावी. बोरिक अ‍ॅसिड असलेलं काही वापरू नये, ते सोललेल्या कातडीतून रक्तात जाऊन विषारी ठरू शकतं.

पेस्ट दर बदलाला लावायची, दिवसाला आठ-दहा वेळा. डायपरला चिकटू नये म्हणून वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात दिला तरी चालतो.

डायपर शी झाली की तत्काळ बदलायचा, नुसती शू असेल तर दोन-तीन तासांनी, आणि रॅश असेपर्यंत रात्री एकदा उठून. मुलगी 8.2 किलोची आणि डायपर 4 ते 8 किलोचा, त्यामुळे मांडीच्या रबराने वळ पडत होते. एक माप मोठं घेतलं, आणि कमरेत दोन बोटं जातील असं बांधलं.

दहाव्या दिवशी अडलेलं

उपचार सुरू होऊन तीन दिवस झाले. सुटे दाणे वाळू लागले, घड्यांची लाली फिकी पडली. उजव्या कुल्ल्यावरचा एक रुपयाएवढा पट्टा मात्र तसाच ओलसर लाल. अशा वेळी घरचे लोक औषध बदलायला निघतात. इथे दोन गोष्टी सापडल्या.

पहिली, पेस्ट काढण्याची. प्रत्येक वेळी आई शीसोबत सगळी पांढरी पेस्ट घासून काढत होती, कारण तिला ती "घाण" वाटत होती. झिंकची पेस्ट पाण्याने निघत नाही, म्हणून हात जोराने चाले, आणि रात्रभरात धरलेली नवी कातडी सकाळी पुसली जाई. वरचा मळलेला थर तेवढा उचलायचा, खालचा स्वच्छ थर तसाच ठेवून त्यावर नवी पेस्ट लावायची. सगळी काढायची गरज दिवसातून एकदा, क्लोट्रिमेझोल लावण्याआधी. तीही कापसावर खोबरेल तेल घेऊन, पाण्याने नव्हे. रात्रीचं क्लोट्रिमेझोल जिथे घडी मोकळी दिसते तिथे जातंच, त्यासाठी पुन्हा खरवडायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट, दुपारचे लंगोट. त्या आठवड्यात पावसाची झड लागली. लंगोट घरात दोरीवर वाळत, आणि हाताला कोरडे वाटले तरी शिवणीत ओल राही. धुणं बोअरच्या पाण्यावर होतं. जड पाण्यात साबण नीट सुटत नाही, त्याचा चिकट थर कपड्यात बसतो आणि सुती लंगोट टॉवेलसारखा कडक होतो. त्यात धुण्याचा सोडा. असा कपडा ओल्या कातडीला घासला, की पट्टा बरा होणार कसा?

मग आठवडाभर दिवसरात्र डायपर वापरायचं ठरलं. आजीला हे पटेना. डायपरने रॅश होतो आणि लंगोटाने बरा होतो, अशी तिची पक्की समजूत, आणि ती पूर्ण चुकीची म्हणता येत नाही: बारा-बारा तास न बदललेला डायपर लंगोटापेक्षा वाईटच. पण आजच्या डायपरमधली जेल शू आत ओढून घेते आणि कातडी लंगोटापेक्षा कोरडी ठेवते. जुलाब लागले असताना, पावसाळ्यात, वेळेवर बदललेला डायपर बरा. सर्वांत वाईट म्हणजे लंगोट आणि त्यावर प्लास्टिकची चड्डी.

पुढे लंगोट पुन्हा सुरू करताना धुण्याची रीत बदलली. शीचा लंगोट आधी वेगळा खळबळून मग उकळत्या पाण्यात, नळाचं पाणी मिळेल तेव्हा त्यात, बिनवासाची पावडर निम्मी, आणि पाण्यात फेस दिसेनासा होईपर्यंत तीन वेळा खळबळणं. कपडा मऊ करणारा सुगंधी द्रव आणि जंतुनाशक, दोन्ही बंद. ऊन नसेल तर शिवणीपर्यंत कोरडी होईल अशी गरम इस्त्री.

बारावा दिवस आणि पुढे

बाराव्या दिवशी शी घट्ट झाली, दिवसाला दोन. उजवा पट्टा मिटला. कातडी दिसायला साफ झाली आणि क्लोट्रिमेझोल थांबवायचा मोह झाला. सहा दिवसांत औषध थांबवलं तर बुरशी पुन्हा उगवू शकते, म्हणून साफ दिसल्यानंतर आणखी दोन-तीन दिवस, एकूण सात ते दहा दिवस ते लावायचं. इथे दहा दिवस लावलं, सोळाव्या दिवशी बंद केलं. झिंकची पेस्ट रात्रीच्या डायपरखाली चालू राहिली.

या काळात घरात एक कागद भिंतीवर होता, परत डॉक्टरांकडे कधी जायचं त्याचा. ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर. पाण्याचे किंवा पूचे फोड, पिवळ्या खपल्या, रक्त येणारी जखम. पुरळ डायपरच्या बाहेर पाठीवर किंवा चेहऱ्यावर. क्लोट्रिमेझोल नीट लावूनही तीन दिवसांत जराही फरक नाही. सहा-आठ तास शू नाही, तोंड कोरडं, डोळे खोल गेलेले, बाळ मलूल. यात वाट पाहायची नाही, रात्र असली तरी निघायचं. बाळ महिन्याच्या आतलं असेल तर कुठलाही डायपर रॅश घरी अंदाजाने हाताळायचा नाही. आपले नेहमीचे डॉक्टर नसतील तर नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा मिहानमधल्या एम्सच्या बाह्यरुग्ण विभागात बालरोग आणि त्वचारोग दोन्ही आहेत. जाताना लावलेली प्रत्येक ट्यूब सोबत न्यायची, रिकामी असली तरी, कारण "पांढरं मलम" एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल लागलं तर मात्रा वजनावरून डॉक्टरांकडून मिलीत लिहून घ्यावी. बाजारात 5 मिलीत 120 किंवा 125 आणि 250 मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदीची सिरपं मिळतात आणि गफलत इथेच होते.

एकविसाव्या दिवशी जिथे चट्टा होता तिथे कातडी आजूबाजूपेक्षा फिकी दिसत होती. घरात पुन्हा धास्ती. सावळ्या कातडीवर सूज उतरल्यावर असा फिका किंवा कधी काळसर डाग राहतो, स्टेरॉइडनेही रंग उतरतो. हाताला जागा मऊ लागते, बाळ रडत नाही, घड्या साफ आहेत, तर तो उरलेला रंग आहे आणि काही आठवड्यांत भरून येतो. त्यावर काहीही लावायचं नाही. तीन नावांची ती अर्धी ट्यूब मात्र कपाटात तशीच होती, "पुन्हा झालं तर" म्हणून ठेवलेली. आजीनेच ती पिळून रिकामी केली आणि कचऱ्यात टाकली.